अण्णांची काठी काशीला निघाली

"अख्ख्या बेंगळुरूत अशी दुसरी काठी दाखव, मी लंगडणं सोडून देतो," पद्माकरअण्णा बायकोला म्हणाले.

लंगडणं त्यांच्याच हातात होतं, कारण पाय दोन्ही ठणठणीत होते. कारखान्यात जन्मभर ओतकामाचे लाकडी साचे केले आणि निवृत्त झाल्यावर खपून ही काठी घडवली. दांडा आफ्रिकेतल्या काळ्याभोर आबनूसाचा, मूठ ब्राझीलच्या रोजवुडची, मध्ये पर्पलहार्ट नावाच्या जांभळ्या लाकडाची कडी. परदेशी जाणाऱ्या सहकाऱ्यांकडून लोक चॉकलेटं मागवत, अण्णा लाकडाचे तुकडे मागवत. सांधा असा की नखालाही लागू नये. अशी वस्तू काय कपाटात ठेवायची? पण धडधाकट माणसाने काठी मिरवली तर लोक हसणार. म्हणून अण्णा लंगडायला लागले.

"आज कोणी काठीबद्दल विचारलं?" धनलक्ष्मीबाई संध्याकाळी विचारत.

"नाही. गुडघ्याबद्दल विचारतात."

घरात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली, पण "ही कोणी केली हो?" हा प्रश्न काही कानावर येईना. त्या एका प्रश्नासाठी अण्णांचा जीव टांगणीला लागला होता.

अशात शेजारच्या हणमंतरावांच्या श्वेताचं लग्न आलं. मुलगा चंदन, म्हैसूरच्या कन्नड घरातला. जयनगरच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, अण्णांनी पहिल्या रांगेत खुर्ची धरली आणि काठी समोरच्या खांबाला अशी टेकवली की व्हिडिओवाल्याच्या दिव्यात मूठ चमकावी.

तेवढ्यात भीमाचार्य भटजींनी काशीयात्रेची तयारी मागितली. नवरदेव संसार नको म्हणत छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, आणि सासऱ्याने मुलगी देऊ करून त्याला दारातून परत आणायचं, अशी तिकडची रीत. हणमंतरावांच्या मराठी घरात हा प्रकार नवा. त्यांनी छत्री आणली, चपला आणल्या, काठी विसरले. घाम फुटलेल्या हणमंतरावांना खांबाला टेकलेली काठी दिसली आणि त्यांनी ती सरळ जावयाच्या हातात दिली. अण्णा तेव्हा मागच्या रांगेतल्या बाईंकडून गुडघ्यावरचा लेप ऐकून घेत होते. वळून पाहतात तो काठी दाराकडे निघालेली.

"अहो, ती माझी! मी केलीय ती!"

नेमकं तेव्हाच सनईसारखं नागस्वर असं घुमलं की अण्णांचं अण्णांनाच ऐकू आलं नाही. मग ते धावले. खुर्च्या सरकवत, रांगोळी तुडवत, सासऱ्यालाही मागे टाकून फाटकाशी पोचले आणि त्यांनी काठी धरली. व्हिडिओवाला खूश झाला.

"अण्णा, स्वल्प... जरा सोडा," भीमाचार्य म्हणाले. "यात्रेला दिलेली वस्तू परत घेत नाहीत."

धापा टाकत आलेल्या हणमंतरावांनी हात जोडले. "चुकलं माझं. पण पोरीच्या लग्नाचा मान राखा. अन् तुमचा पाय तर बरा झालेला दिसतोय."

सगळ्या मंटपाने त्यांना धावताना पाहिलं होतं. अण्णांनी मूठ सोडली.

लग्न लागल्यावर चंदनने ती काठी आपल्या आजोबांना दिली. सकाळी दोघांनी धरून आणलेले आजोबा काठी टेकत एकटे पंगतीपर्यंत चालत गेले. अण्णा बघत राहिले. आपल्या हातचं लाकूड एका म्हाताऱ्याला चालवतंय! अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. काठी गेल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी कोपर मारलं. "त्या आजोबांची काठी पाहिलीत? काय सुरेख काम आहे. कोणी केली असेल हो?"

अण्णांनी घास खाली ठेवला, पाठ ताठ केली, घसा साफ केला.

"म्हैसूरचीच असणार," गृहस्थांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. "आपल्या मराठी लोकांना कुठलं जमतंय असलं!"

धनलक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी वाढप्याला हाक मारून आणखी एक चिरोटा मागून घेतला.