टॉवेलाखालचा सौदा

आपण वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात वीस वर्षं दलाली केलीय. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि तोंडातून शब्द न काढता ट्रकभर कांदा इकडचा तिकडं! एक बोट दाबलं की एक, पंजा दाबला की पाच. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. ह्या खेळात सयाजीला हरवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगायचो. जिन्यात अडवून सांगायचो!

त्र्याण्णव सालची गोष्ट. माझ्या दाढेच्या अलीकडच्या दाताला भोक पडलं. हसलो की दिसणारा दात, आणि मी तर दिवसभर हसणारा माणूस! गेटवर बसून गाल चोळत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा श्यामसुंदर आला. सरकारी ऑफिसातला साधा माणूस. महिन्यापूर्वी मी गंमत म्हणून त्याच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली होती. सहा कुटुंबं बघून गेली, एकानं तर मोरीचं माप घेतलं. तेव्हापासून तो डूख धरून होता.

"काय सयाजीराव, दात? आता खुर्चीत बसलात की बोंबलाल!"

"हॅट! तोंडातून 'ऊं' पण येणार नाही."

"लावता पैज? दवाखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक शब्द नाही!"

"लावली! हरलास तर मला हातगाडीवर बसवून तू सोसायटीभर ढकलायचं. 'मी हरलो' ओरडत!"

"आणि तुम्ही हरलात तर मी गाडीवर. आजच्या आज, संध्याकाळी, सगळ्यांसमोर!"

झालं! टाळी दिली. आमची राजाबाई गॅलरीतून ऐकत होती. "मी पण येते," म्हणाली. मला वाटलं, नवऱ्याची काळजी! पण तिला यायचं होतं माझ्याशी भांडत. दिवाळीला मोहनमाळ मागत होती आणि मी शपथ घेतली होती, यंदा घरात गुंजभर सोनं येणार नाही. रस्ताभर तोच विषय. दवाखान्याचं दार आलं तेव्हा मी पहिल्यांदा पैजेचे आभार मानले. आता बोलायलाच बंदी!

डॉक्टर पार्थ म्हणजे अगदी कोवळं पोर. नवीन दवाखाना, नवीन खुर्ची, त्याचा उत्साह पण नवीन! राजाबाई बाहेर बाकावर बसली. श्यामसुंदर साक्षीदार म्हणून आत, माझ्या पायाशी स्टूल टाकून. छातीवर टॉवेल आला, हिरडीत सुई आली. मी गप्प! मशीन सुरू झालं. डोक्यात जणू कोणी बोअरवेल खणतंय! मी गप्प! डोळ्यांतून पाणी कानात गेलं, तरी गप्प! श्यामसुंदरचं तोंड बटाट्यासारखं पडलं. मी मनात गाडीवर बसलो पण होतो.

मशीन थांबलं. तोंडात कापसाचे बोळे कोंबून डॉक्टर म्हणाला, "काका, खड्डा साफ झाला. आता भरायचं काय, ते तुम्ही सांगा. बोलू नका, बोटं दाखवा. एक म्हणजे चांदी, मजबूत, पण काळपट दिसणार. दोन म्हणजे सिमेंट, स्वस्त, पण लवकर झिजणार. तीन म्हणजे दाताच्याच रंगाचं, निळ्या लाईटनं सुकवतो, नवीन मशीन आणलंय. चार म्हणजे सोनं!"

मला तीन पाहिजे होतं. कोणीही शहाण्यानं तीन बोटं वर केली असती. पण उघड्यावर बोटं? पायाशी श्यामसुंदर बसलेला! भाव फुटला की! वीस वर्षांची सवय, हात आपोआप टॉवेलाखाली गेला, डॉक्टरचा हात आत ओढला आणि पहिलं बोट दाबलं. पाहिजे ते पहिल्यांदा सांगायचंच नसतं ना! खालून सुरू करायचं.

डॉक्टर दचकला. "एक? चांदी? काका, हसल्यावर काळं दिसेल हां!"

बघा, वर चढवतोय! मी ओळखलं, पोरगं मुरलेलं आहे. मी कपाळाला आठी घालून दोन दाबली.

"सिमेंट? नको हो, परत याल."

आणखी चढवतोय! आता मार्केटचा नियम असा की समोरचा अडला की तोच भाव परत दाबायचा, म्हणजे 'एवढंच, पटलं तर बघ!' मी तीच दोन बोटं पुन्हा दाबली. करकचून!

डॉक्टरचा चेहरा उजळला. "दोन आणि दोन चार! सोनं! वा काका! माझ्याकडचं पहिलंच सोनं!"

मी 'नाही नाही' अशी जोरात मान हलवली.

"हलू नका, माप घ्यायचंय!" म्हणत त्यानं गुलाबी लगदा कालवायला घेतला. मी घाबरून एक बोट दाबलं, म्हणजे चारातून एक कमी कर!

"आणखी एका दाताला? दोन्हीकडे सोनं?"

श्यामसुंदर गदागदा हसत होता. "डॉक्टर, दिलदार माणूस आहे, घ्या माप!"

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. राजाबाई! कमरेला पदर खोचलेला!

"काय म्हनलं? सोनं? माझ्या गळ्यात घालायला न्हाई आन् सोताच्या तोंडात घालतायसा? तेबी दोन दातांत?"

मी हातानं 'नाही नाही' केलं.

"हात काय हलवताय? बोला की! गप बसलाय म्हंजे खरंच हाय! मी आत्ताच्या आत्ता माहेरी चालले. साताऱ्याची गाडी धरते!"

श्यामसुंदर हळूच म्हणाला, "वहिनी, पिशवी भरायला मदत करू?"

ती खरंच वळली हो! एका बाजूला वीस वर्षांची इज्जत, दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची बायको. मी खुर्चीत ताडकन उठून बसलो आणि बोंबललो,

"पांढरं! पांढरं भर रे बाबा!"

बोळे उडाले. एक श्यामसुंदरच्या चष्म्यावर, एक त्या गुलाबी लगद्यात. राजाबाई थांबली. श्यामसुंदर स्टुलावर उभा राहून नाचला.

डॉक्टर बिचारा म्हणाला, "अहो, मग तीन बोटं वर करायची ना!"

निळ्या लाईटखाली दात पांढरा झाला आणि माझं तोंड काळं!

संध्याकाळी सगळी सोसायटी गॅलरीत. मार्केटातली गाडी, वर श्यामसुंदर, गळ्यात झेंडूचा हार! गाडी ढकलणाऱ्या माझ्या तोंडाचा अर्धा भाग अजून मेलेला, त्यामुळे 'मी हरलो' ओरडताना लाळ गळत होती. लोक म्हणाले, "मोठ्यानं!" अर्ध्या फेरीत राजाबाई पुढं आली. मला वाटलं, दया आली.

"सरका श्यामभावजी," म्हणाली आणि गाडीवर चढून बसली. "सोनं न्हाई तर न्हाई, वरात तरी निघू द्या!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय! दोघांना ढकलताना काय संताप आला म्हणता, पण दातओठ खायची पण सोय नव्हती. बधिरपणा उतरेपर्यंत डॉक्टरनं काही चावायचं नाही म्हणून सांगितलं होतं.