गल्लीभर एकच कपाट

शनिवारी सकाळी आर्विड टोलेफसनने खुंटीवरचा आपला कोट काढायला हात घातला आणि हाती आला एक जांभळा, बायकी, गळ्याशी लव लावलेला कोट. बाहेर थंडी अशी की श्वास मिशीवरच गोठावा. मिनेसोटात फेब्रुवारी महिन्यात माणूस एक वेळ बायकोशिवाय घराबाहेर पडेल, कोटाशिवाय नाही.

"मार्लिस, हा कोणाचा गं?"

"माझा नाही," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "आणि माझं काचेचं भांडं कुठंय? इथे कुठलंतरी निळं ठेवलंय. दहा वाजता त्या बाई येणार, त्यांना काय केक तव्यावर भाजून घालू?"

त्या बाई म्हणजे दत्तक संस्थेच्या मिसेस हेगन. रादका बल्गेरियातल्या अनाथाश्रमातून या घरात आली ती ऐन पानगळीत, अकरा वर्षांची, हातात एक पिशवी घेऊन. बाईंची आजची भेट शेवटची. त्यांनी चांगलं सांगितलं की कोर्टाचा शिक्का पडणार आणि पोर कायमची टोलेफसन होणार. बाईंनी तोंड वाकडं केलं तर काय, हे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. त्या गावात तसंही हवापाण्याखेरीज कोणी फारसं बोलत नसे.

रादका टेबलापाशी बसून दह्यात पाव बुडवून खात होती.

"बेटा, बाबाचा कोट बघितलास का?"

"विल्बरला दिला. त्याचा फाटलाय."

"आणि हा?"

"डोलोरेसचा. तिच्याकडे दोन होते. आईला थंडी वाजते."

विल्बर आणि डोलोरेस म्हणजे शेजारचं जोडपं. मार्लिस पुढे आली. "आणि माझं भांडं?"

"समोरच्या मिसेस क्वामकडे. तिच्याकडे पाहुणे आले, तिचं भांडं लहान. म्हणून लहान तुला, मोठं तिला."

आर्विडच्या मनात काहीतरी चमकलं. तो गॅरेजमध्ये गेला. तिथे भिंतीला कोणाची तरी शिडी टेकलेली होती, कोपऱ्यात बर्फावरची एक घसरगाडी होती, आणि गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचं त्याचं लाडकं गिरमिट मात्र गायब होतं.

"हे सगळं तुला कोणी सांगितलं गं करायला?" परत येऊन त्याने विचारलं.

"कोणी कशाला सांगायचं?" रादकाला प्रश्नच कळेना. "आमच्या तिकडे एक कपाट होतं. बाहेर जाईल त्याने कोट घालायचा, आला की ठेवायचा. इथे तेच कपाट घराघरांत लांब लांब पसरलंय, एवढंच."

आर्विड रागवायच्या तयारीने कमरेवर हात ठेवून उभा होता, ते हात त्याने खाली सोडले. जिला जन्मात स्वतःचा म्हणून एक मोजा मिळाला नव्हता, ती पोर मिळालेलं सगळं वाटून मोकळी झाली होती, आणि तेही इतक्या सहज, की देवळात उभं राहिल्यासारखं त्याला गप्प व्हावंसं वाटलं.

"म्हणजे अख्खी गल्ली एकमेकांच्या वस्तू वापरतेय आणि कोणी चकार शब्द काढला नाही?" मार्लिस म्हणाली.

"आपण तरी कुठे काढला? ती शिडी मला आठवडाभर दिसतेय. मला वाटलं, तू आणलीस."

खरं तर त्यात नवल काही नव्हतं. गावाची रीतच तशी होती. आपली वस्तू कोणी परत मागायची नाही, आणि दुसऱ्याने काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. रादकाने ही रीत आल्या आल्या हेरली होती. ती कोणालाही वस्तू तीनदा पुढे करायची, आणि ती घेतली जायची.

"जा आणि सगळं घेऊन ये," मार्लिस म्हणाली. "बाईंना कळलं तर म्हणतील, पोरगी उचलेगिरी करते. मग?"

त्या 'मग'वर आर्विड दाराकडे वळला. दुसरा कोट नव्हता, तेव्हा जांभळाच अंगावर चढवून तो विल्बरच्या दारी गेला. दार उघडलं ते विल्बरनेच, आर्विडच्या कोटात.

"थंडी आहे," विल्बर म्हणाला.

"आहे खरी."

"वारा नाही ते बरं."

"वारा असता तर जास्त वाटली असती."

दोघांनी एकमेकांच्या कोटांकडे पाहिलं आणि लगेच आकाशाकडे पाहिलं. विल्बर खाकरला. "हा कोट... तुला हवा असेल तर..."

"छे छे, राहू दे," आर्विडच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नाही, पण खरंच..."

"अरे, नको रे!"

आता विल्बर तिसऱ्यांदा विचारणार, एवढ्यात डोलोरेस कॉफी घेऊन आली, म्हणाली, "तुला हा रंग खुलतो हं, आर्विड," आणि विषय पुन्हा हवेवर गेला. आर्विड घरी परतला तो जांभळ्याच कोटात, हातात बिटाच्या लोणच्याची बरणी घेऊन.

पण शेजारी काही दूधखुळे नव्हते. ज्या अर्थी आर्विड टोलेफसन भर सकाळी बायकी कोट घालून येतो, कॉफी पितो आणि काहीच न बोलता जातो, त्या अर्थी त्याच्यावर मोठंच संकट आलंय, हे डोलोरेसने ओळखलं आणि 'टोलेफसनांच्या वस्तू ताबडतोब परत करा' असे गल्लीभर फोन फिरवले.

दहाच्या ठोक्याला मिसेस हेगन आल्या. निळ्या भांड्यातला केक मधे फुगून बाहेर सांडला होता. बाईंनी पहिला घास घेतला आणि बेल वाजली.

"हे तुझं भांडं, मार्लिस," मिसेस क्वाम आत येत म्हणाल्या. "परत करायला आले."

त्यांच्यामागे विल्बर कोट घेऊन आला. त्याच्यामागे गिरमिट आलं, बर्फाचं फावडं आलं, वॉफल भाजायचा साचा आला. हा साचा घरातून गेलाय, हे मार्लिसला तोवर माहीतच नव्हतं. प्रत्येक जण वस्तू टेबलावर ठेवी, "परत करायला आलो," म्हणे, आणि निघून न जाता भिंतीला चिकटून उभा राही. स्वयंपाकघर भरून गेलं. मिसेस हेगन यांचा काटा हवेतच राहिला होता. मार्लिसचा चेहरा पिठासारखा झाला.

रादका हे सगळं बघत होती. ती उठली, वर गेली, आणि खाली आली तेव्हा तिच्या अंगात जाकीट होतं आणि हातात येताना आणलेली ती पिशवी. ती रांगेत डोलोरेसच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आज सगळं परत," ती म्हणाली. "मी पण?"

न रडता तिने विचारलं. कपाटाची रीत तिला माहीत होती. वापरून झालं की जागेवर ठेवायचं.

आर्विड खुर्चीतून उठला.

"नाही," आर्विड म्हणाला.

रादकाने पिशवी खाली ठेवली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," तो पुन्हा म्हणाला.

"अगं, नाही म्हणतोय ना तो!" मार्लिसला हुंदका आवरेना.

"इथे दोन नाही झाले की हो येतं," रादका समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी थांबते."

मग आर्विड टोलेफसनला, ज्याने लग्नातसुद्धा हळूच 'हो' म्हटलं होतं, कंठ फुटला. "नाही! नाही, नाही, नाही! आज नाही, उद्या नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही!" खिडकीच्या काचा थरथरल्या.

"नाही," विल्बर म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

"मुळीच नाही!" डोलोरेस म्हणाली.

"विचारूच नकोस," मिसेस क्वाम म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना मिसेस हेगन यांच्याकडे वळल्या. त्यांनी काटा खाली ठेवला, डोळे पुसले.

"माझ्याकडूनही नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगते, पण पक्कं."

रादकाने प्रत्येकाचा चेहरा नीट पाहून घेतला, बाजारात कणीस पारखून घ्यावं तसा. मग पिशवी भिंतीशी ठेवली, जाकीट काढलं. तिची नजर जमिनीवर गेली. एवढ्या माणसांबरोबर आलेला बर्फ वितळून टेबलाखाली चांगलं तळं साचलं होतं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"बूट काढा," ती म्हणाली. "सगळ्यांनी. आमच्या घरात बूट काढतात."

कोणी एकदाही 'राहू दे' म्हटलं नाही. आर्विड डोळे विस्फारून बघत राहिला आणि सगळ्यांत आधी मिसेस हेगन खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.