आधी मोठ्यांनी खेळायचं

अख्ख्या रत्नागिरीत इंग्रजी शिकवावं तर मीच! हे माझं स्वतःचं मत, पण २००३ साली ते आणखी एकाने मानलं. तो अयूब. कतारच्या एका बड्या क्लबात नोकरीसाठी त्याची मुलाखत होती. त्या क्लबात सकाळी टेनिस, संध्याकाळी गाणी. तिथला साहेब मूळचा मुंबईचा, माणसं निवडायला थेट रत्नागिरीत येणार होता.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "इंग्रजीत शब्द जोडीने राहतात. गाण्यांची नवी कॅसेट बाजारात आणली की 'रिलीज अ‍ॅन आल्बम'. धडाक्यात खपली की 'टॉप द चार्ट्स'. टेनिसात समोरचा सर्व्हिस करत असताना गेम मारला की 'ब्रेक सर्व्ह'. जोड्या पाठ कर, नोकरी खिशात!"

अयूबने घोकंपट्टी सुरू केली. इकडे त्याच्या आईने, जन्नतचाचीने, मुलगा कतारला चालला म्हणून मोहल्लाभर तांदळाची गोड सांदणं वाटून टाकली. मुलाखत अजून व्हायची होती!

"आता नोकरी नाय झाली तर मना तोंड लपवायला जागा नाय, सर," अयूब म्हणाला. मी त्याला आणखी चार जोड्या लिहून दिल्या.

मुलाखत जिमखान्यात झाली. धीर द्यायला मी सोबत होतोच. साहेबाने आधी गाण्यांचं विचारलं आणि अयूब सुटला, "द बँड रिलीज्ड अ न्यू आल्बम! इट टॉप्ड द चार्ट्स!"

"कुठला बँड?"

"ऑल बँड्स, सर!"

साहेबाच्या भुवया वर गेल्या. मी घाम पुसला. मग निघालं टेनिस.

"आय ब्रोक हिज सर्व्ह! आय सेव्ह्ड मॅच पॉइंट! आय वन इन स्ट्रेट सेट्स!"

साहेब ताडकन उठला. कोपऱ्यातल्या दोन रॅकेटी उचलून म्हणाला, "वा! चल कोर्टवर. मीही खेळतो."

मेलो! अयूबने जन्मात रॅकेट धरलेली नव्हती. मी तरी कुठे धरली होती?

"सर, काय करू?" तो कुजबुजला. मला एकही जोडी आठवेना. तेवढ्यात त्याने साहेबासमोर मान झुकवली. "साहेब, आमच्याकडे मोठ्यांच्या आधी धाकटा ताटावरसुद्धा बसत नाय. माझे गुरू इथे उभे आहेत. आधी ते खेळतील!"

साहेब त्या अदबीवर जाम खूश झाला. रॅकेट माझ्या हातात आली!

पहिला चेंडू कुंपणापलीकडे गेला. दुसरा मारायला धावलो तर चप्पल एकीकडे आणि मी दुसरीकडे. अयूबला भीतीने गप्प बसवेना. तो खणखणीत आवाजात जोड्या फेकू लागला, "डबल फॉल्ट! ही लॉस्ट हिज सर्व्ह!" रस्त्यावरची माणसं कुंपणाला चिकटली. मी पुन्हा आपटलो. "गेम, सेट अँड मॅच!" टाळ्याच टाळ्या!

साहेबाने खेळ थांबवला. अयूबचा चेहरा पांढराफटक. "साहेब, मी खेळत नाय. सगळं पाठ केलेलं हाय," त्याने कबूल करून टाकलं.

"ते तुझ्या गुरूंकडे बघून कळलं," साहेब म्हणाला. "पण सामने आणि गाण्यांचे कार्यक्रम पुकारायला असाच आवाज हवाय. तयारीला लाग!"

अयूबने मला मिठी मारली. गुडघे ठणकत होते, तरी खरं सांगतो, डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गासमोर ही गर्दी! कीर्ती पसरली म्हणून मी छाती काढून बाहेर गेलो. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "सर, परत कधी पडणार?"

काय करणार! म्हटलं, "रविवारी."