परसातली उलटी पावलं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुतांचाही माझ्यावर नसावा, कारण इतक्या वर्षांत एकानेही तोंड दाखवलेलं नाही. परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या कचेरीत कारकुनी करणारा मी माणूस, भर दुपारी चिंचेखालून शीळ घालत जायचो.

त्या वर्षी होळकरांचं राज्य मध्यभारतात विलीन झालं, पण आमच्या घरातलं सासूबाईंचं संस्थान शाबूत होतं. द्वारकाबाई देपालपूरहून मुलीच्या, म्हणजे माझ्या इंदिराच्या, बाळंतपणाला आल्या होत्या. एके दिवशी बाळाची आंघोळ-धुरी आटोपून त्यांनी मला हुकूम सोडला.

"जावईबापू, आधीची दोन राहिली नाहीत. हा राहायचा तर ह्याला टाकावं लागेल."

"टाकायचं म्हणजे?"

"सुपात घालून मागच्या दारी ठेवायचं. शेजारची गंगूबाई उचलून नेईल. मग मूठभर कोंडा देऊन आपण विकत घ्यायचा. काळाला वाटतं, कोंड्याच्या मोलाचं पोर, नेऊन करू काय?"

मी व्याख्यान देणार होतो. पण दोन्ही वेळा त्या लेकरांना उचलून मीच नेलं होतं आणि रिकाम्या हातांनी परतलो होतो. व्याख्यान तोंडातच राहिलं.

टाकणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही, आणि आईनं तर पाहायचंच नाही, अशी रीत. म्हणून इंदिराला तेल-हळद लावून परसातल्या न्हाणीत धाडलं. मिलचा भोंगा वाजून गेला आणि दुपार एकदम मुकी झाली. वारा नव्हता, तरी आडावरचा रहाट कुरकुरला. मी सूप पायरीवर ठेवलं. बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी पाठ फिरवली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं पुढच्या दाराची कडी वाजली. दारात गंगूबाई उभी होती, हात रिकामे.

"गजाननभिया, माफ करना. दूध उतू गेलं, त्यात देर झाली. ठेवायचं का आता बाळाला?"

"ठेवलंय की मघाच."

"मग उचललं कुणी?"

मी मागे धावलो. पायरीवर सूप होतं. सुपात नुसतं दुपटं, अजून ऊबदार. आणि फरशीवर ओल्या पावलांच्या दोन ओळी. पहिलीची बोटं घराकडे, दुसरीचीही घराकडेच. कुणीतरी आलं होतं, पुन्हा आलं होतं, गेलं मात्र नव्हतं. आणि बाळ तर गेलं होतं.

"उलटे पाँव," माझ्या पाठीमागून गंगूबाई पुटपुटली. "भिया, हडळ आहे ही."

"गंगूबाई, विज्ञान असं सांगतं की..." मी सुरुवात केली, पण विज्ञान काय सांगतं ते काही केल्या आठवेना.

दोन्ही ओळी न्हाणीच्या दाराशी पोचल्या होत्या. आत इंदिरा होती. खरं सांगतो, हडळीपेक्षा मला तिची भीती वाटली. तिसऱ्यांदा तिला काय सांगू?

"इंदिरा," मी दाराशी जाऊन म्हणालो, "झाली का आंघोळ?"

दाराखालून वाफ येत होती. मग आत कुणीतरी शिंकलं. शिंक इंदिराची नव्हती. तीळभर होती.

दार उघडलं. वाफेत एक बाई उभी. मोकळे ओले केस, तोंडभर हळद, आणि छातीशी माझा मुलगा. मी किंचाळलो असं गंगूबाई सांगते. मला गंगूबाई किंचाळल्याचं आठवतं.

"अहो, ओरडू नका, दचकेल तो," बाई म्हणाली. हडळी असं बोलत नाहीत.

"मग ती उलटी पावलं?"

"तुम्ही दार उघडाल की काय म्हणून दारावर नजर ठेवून मागच्या मागे चालत आले. पायरीवर एकटा पडला होता. मला नाही बघवलं."

तोवर सासूबाई येऊन पोचल्या. "अगं, आईनंच उचललं तर टाकणं कसलं?"

"टाकलेलं पोर उचलेल त्याचं, असं तूच म्हणालीस. आता हा माझा. ह्यांना हवा तर घेऊ देत विकत."

"कोंडा आणतो," मी म्हणालो.

"कोंडा आईला द्या. माझ्यापाशी कबूल करा, पुन्हा ह्याच्याकडे पाठ फिरवणार नाही."

मी कबूल केलं. बोलताना रडलो, हेही कबूल करतो. सासूबाईंनी तरीही कोंडा घेतलाच.

आमचा कोंडाजी आता शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडांवर चढतो आणि हाकेला उत्तर देत नाही. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. फक्त परसात ओली पावलं दिसली, की मी आधी घरात जाऊन इंदिराचे पाय ओले आहेत का, ते बघतो.