नदीस ‘ये बाई’ म्हटले म्हणोन विमा बुडाला, त्याची हकीकत

श्रीजळदेवता प्रसन्न. प्रसन्न नसली तरी हप्ता वेळेवर भरावा. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरीं, कोणे एके राज्यीं (राज्याचे नांव लिहीत नाही, लेखकास तेथेंच जेवावयाचे आहे) नदीस महापूर आला आणि कांठची घरे बसली, आणि रयत वाड्यापुढे येऊन रडत राहिली, तेणेंकरोन श्रीमंतांची दुपारची झोप मोडली. मग श्रीमंतांनी दिवाण निळकंठपंत यांस आज्ञा केली कीं, “पंत, यांचे कांही तरी करा, परंतु हळू आवाजात करा.” पंत मोठे अकलेचे. त्यांनी वैकुंठशेट विमेकरी यांस पाचारण करोन तह केला कीं, कांठच्या रयतेने घराचा विमा उतरावा, अर्धा हप्ता रयतेने द्यावा, अर्धा सरकारांतून मदत म्हणोन परभारें शेटजींस पोंचावा, आणि जळसंकटाने घर पडल्यास शेटजींनी बांधोन द्यावे. मग दवंडी पिटली, नगारे झडले, हत्तीवरोन साखर वाटली आणि श्रीमंतांस ‘गृहरक्षक’ ऐसा किताब जाहला. घर अद्याप एकही राखिले नव्हते, परंतु किताबास दम कोठला?

पुढें शके सोळाशे अठ्ठ्याण्णव उजाडले. संवत्सराचे नांवच दुर्मुख, तेथें दुसरे काय होणार! श्रावणांत नदी फुगली आणि कुंभारआळींत शिरली. त्या आळींत गोजाबाई म्हणोन एक विधवा कुंभारीण राहात असे. लेक मोहिमेवर गेलेला, घरांत सून तानी, तीस सातवा महिना, आणि दोन खणांचे मातीचे घर. नातवंड आपल्या छपराखाली जन्मास यावे एवढीच म्हातारीची आस, त्याकरितां पोटास चिमटा घेऊन हप्ता भरिला होता. आतां त्या आळीची रीत ऐसी कीं, नदी म्हणजे माहेरवाशीण. ती उंबऱ्यास लागली कीं घरच्या वडील बाईने पाण्यास हळदकुंकू वाहावे, खणानारळाने ओटी भरावी आणि म्हणावे, “ये बाई, माहेर तुझंच. पाहुणचार घे नि सुखानं माघारी जा.” गोजाबाईंनी रीतीप्रमाणे केले, आणि नदी रीतीप्रमाणे माघारी गेली, परंतु जातांना पुढली भिंत घेऊन गेली.

मग शेटजींकडील पाहणीदार सदोबा नाकास रुमाल लावोन आले आणि पुसते जाहले कीं, “पाणी दाराशी आले तेव्हां आपण काय केलेत?”

“काय करणार, बाबा? ओटी भरली. म्हटलं, ये बाई.”

सदोबांचे डोळे लकाकले. “‘ये’ म्हटलेत?”

“आता गं बया! दारात आल्या लेकीला कुणी जा म्हणतं होय?”

“मग आटोपले. विमा संकटाचा आहे, पाहुणीचा नव्हे. संकट न बोलावितां येते. आपण तर बोलाविली, वर खणनारळही दिला.” ऐसे म्हणोन त्यांनी अवघ्या आळीचा विमा एका दुपारांत निकालांत काढिला, कारण अवघ्या आळीने ‘ये’ म्हटले होते.

तेव्हां गोजाबाई पदर खोचोन दरबारी गेल्या आणि म्हणाल्या, “सरकार, मदत देणार म्हणून दवंडी पिटली ती कुठाय?” पंत हसोन बोलिले, “बाई, मदत केव्हांच दिली.” “कुणाला?” “घरवाल्यांस.” “मग ती हाय कुठं?” “शेटजींकडे. सुखरूप आहे.” यावर दरबारांत वाहवा जाहली. ऐशास म्हणावे आपलेच दांत आणि आपलेच ओठ! तथापि पंतांस दया आली आणि त्यांनी नवा हुकूम काढिला कीं, यापुढें नदी उंबऱ्यास लागतांच घरधनिणीने ‘चालती हो’ ऐसे मोठ्याने म्हणावे आणि ते शेटजींचे माणसाने ऐकावे, म्हणजे संकट पक्के होईल.

भाद्रपदांत पुनः पाणी चढले. माणूस समोरचे पारावर कान टवकारोन बसला. गोजाबाई उंबऱ्यावर उभ्या, पदराखाली ओटी तशीच धरलेली. मागोन तानी अवघडलेली उभी, ती म्हणाली, “आत्याबाई, म्हणा हो एकदा. माझ्याकडं बघून म्हणा.” मग गोजाबाईंनी डोळे मिटोन म्हटले, “चालती हो!” आणि पोटची पोर दारावरोन हांकलावी तैशा त्या ढसढसां रडल्या. हे लिहितांना लेखकाचाही जीव तुटतो, सरकारची चाकरी गेली खड्ड्यांत! त्याच रात्रीं उरलेले घर बसले आणि तानी देवळाचे ओवरींत, गोणत्यावर बाळंत जाहली. मुलगी जाहली.

सदोबा आले. “म्हटलेत?”

“म्हटलं की! तुमच्याच माणसानं ऐकलंय.”

“मग गेली का?”

“गेली, पाऊस उघडल्यावर.”

“पाहा! आपण जा म्हटले आणि ती गेली. जे जळ आपला शब्द मानिते, त्यास संकट कैसे म्हणावे?”

याच पुरांत दिवाणांचा कांठचा बंगलाही भिजला, आणि दिवाणीणबाईंनी तर रुप्याचे ताटांत ओटी भरोन तीन वेळां ‘ये’ म्हटले होते. परंतु सदोबांनी ठरविले कीं, थोरांघरची ओटी हा शिष्टाचार, त्यास बोलावणे समजूं नये. मग बंगला नवा जाहला आणि वर एक मजला चढला. घ्या!

पुढें बारसे ओवरींतच उरकले, आणि गोजाबाई नात खांद्यावर टाकोन नदीवर गेल्या, आणि राहिलेली ओटी पाण्यांत सोडोन बोलिल्या, “बाई, चुकले गं. पोरीच्या छपरासाठी तुला तोंड टाकून बोलले. तू घर नेलंस ते नेलंस, पण कधी हप्ता तरी मागितला नाहीस.”

एवंच, श्रीमंतांचा किताब राहिला, पंतांचा बंगला राहिला, शेटजींची पेटी भरली. कुंभारआळींत गोजाबाईंचा उंबरा तेवढा आहे, पाठीमागें घर नाही. तरी त्या रोज येऊन तो धुतात, कीं पाहुणी आली तर दार ओळखेल. लेखकाचे घरही नदीकांठींच असे आणि विमा वैकुंठशेटींकडेच, सबब आपलेही नांव लिहिले नाही.