गेरोल्डचे पाच तास

सभेतला दुसरा विषय, ‘दिवंगत सभासदांना श्रद्धांजली’, पुकारला गेला आणि सगळ्यांच्या आधी योस्ट ब्रेनेके उठायला लागला. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे उभं राहायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. निडरब्रोख टेनिस मंडळाच्या वार्षिक सभेकडे तो बावीस वर्षं फिरकला नव्हता. आज आला होता तो एकाच कारणासाठी. ऑक्टोबरात त्याचा थोरला भाऊ गेरोल्ड गेला होता, आणि त्याचं नाव निदान एकदा चारचौघांत मोठ्यानं वाचलेलं योस्टला ऐकायचं होतं. बाकी त्याला आयुष्याकडून फारसं काही मागायचं उरलं नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर फ्रीझे हे गावातले दातांचे डॉक्टर. कागदावरची नजर म्हणून ते उचलायचे नाहीत.

“सरत्या वर्षात आपल्याला सोडून गेले,” त्यांनी घसा साफ केला, “या मंडळाचं भूषण, योस्ट ब्रेनेके.”

सदतीस माना खाली गेल्या. योस्टची मान वरच राहिली.

“चौदा वर्षं व्यावसायिक टेनिस. जागतिक क्रमवारीत एकसष्टावा क्रमांक. हॅम्बुर्गच्या मोठ्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी. तिथे विजयाच्या गुणावर त्यांच्या हातून झालेला डबल फॉल्ट आजही गावात आठवणीनं सांगितला जातो. पुढे गुडघे गेले, मग बायको गेली. पण माणूस मनाचा चांगला. आणि दात शेवटपर्यंत स्वतःचे होते, हे मी खात्रीनं सांगू शकतो. एक मिनिट शांतता.”

शेजारी त्याचा शाळासोबती एवाल्ड उभा होता. त्यानं एक डोळा उघडला, योस्टकडे बघितलं, मग दुसराही उघडला.

“अरे, तू तर इथंच आहेस की!”

“गप रे. मिनिट चालू झालंय.”

श्रद्धांजलीच्या मिनिटात बोलायचं नाही हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. मग मेलेल्यानं तरी का बोलावं? डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. आत स्वयंपाकघरात सॉसेजचं पाणी रटरटत होतं. पुढच्या रांगेतली एक बाई चक्क नाक ओढत होती. खोटं कशाला बोला, पहिलं अर्धं मिनिट योस्टला बरं वाटलं. जिवंतपणी त्याच्यासाठी या दालनात कोणी उठून खुर्चीसुद्धा दिली नव्हती. दुसऱ्या अर्ध्या मिनिटात मात्र त्याला गेरोल्ड आठवला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

लोक खाली बसले तसा त्यानं हात वर केला.

“प्रश्न शेवटी घेऊ,” डॉक्टर कागदातच म्हणाले. “विषय नऊ, आयत्या वेळचे विषय.”

योस्ट बसला. विषय तीन झाला, चार झाला. पाचव्याला, बायकांच्या न्हाणीघरात नवे नळ बसवायचे की नाही यावर, पाऊण तास भांडण झालं आणि शेवटी मतदान. आता आपण आहोतच तर मत द्यावं म्हणून योस्टनंही हात वर केला. सचिव लाम्पेबाईंनी दोन्ही बाजूंचे हात दोनदा मोजले.

“डॉक्टर, एक हात जास्त येतोय.”

“परत मोजा.”

“परतच मोजलेत. यादीत सदतीसच मतदार आहेत, सातव्या रांगेतला हात उपरा आहे.”

योस्टनं हात खाली घेतला. नळ मंजूर झाले. सॉसेज फुटायला लागल्याची बातमी आतून दोनदा आली, तेव्हा कुठे नववा विषय निघाला.

“मी योस्ट ब्रेनेके,” तो उठत उठत म्हणाला. “मी मेलेलो नाही.”

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा मान वर केली. सभेत कुणाचा तरी ग्लास पडला.

“अहो ब्रेनेके! मग हे आधी नाही का सांगायचं?”

“तुम्हीच म्हणालात, विषय नऊ.”

“ते खरं आहे,” लाम्पेबाई म्हणाल्या. “इतिवृत्तात तसं आहे.” त्यांनी फायलीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. “माझी काय चूक? हे बघा, पेपरातच आलं होतं.”

कात्रण हातोहात मागे आलं. वर योस्टचाच तरुणपणचा फोटो होता, रॅकेट उगारलेला. खाली ठळक अक्षरांत: ‘टेनिसपटू योस्ट ब्रेनेके’. त्याच्या खाली बारीक अक्षरांत: ‘यांचे बंधू निवर्तले’. गेरोल्डचं नाव मजकुरात चौथ्या ओळीत होतं. बिचारा मेला तोसुद्धा कुणाचा तरी भाऊ म्हणून. लाम्पेबाईंनी फोटो बघितला, ठळक अक्षरं वाचली आणि यादीतल्या योस्टवर रेघ मारली.

“म्हणजे गेरोल्ड गेला?” पुढची नाक ओढणारी बाई म्हणाली. “अगंबाई! तरीच म्हटलं शरद ऋतूत कोर्टावर पाचोळा एवढा कसा साचला.”

“त्याच्यासाठीच आलोय मी,” योस्ट म्हणाला. “एकेचाळीस वर्षं तुमची कोर्टं त्यानं रोलर ओढून सपाट केली. लहानपणी रोज संध्याकाळी मला दोनशे सर्व्हिस टाकायचा. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा, हे इथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. पण आमच्या बापाला दुकानात एक पोरगा हवा होता आणि गेरोल्ड थोरला. मग जुन्या गाडीतून मला स्पर्धांना नेणं, रात्ररात्र रॅकेटच्या तारा ओढणं, हरलो की काही न बोलता परत आणणं, सगळं त्यानं केलं. चौदा वर्षं माझ्या मुलाखती छापून आल्या. मी एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. आज तुम्ही तरी घ्या, एवढंच मागणं आहे. एक मिनिट उभे राहा त्याच्यासाठी.”

सभेला खरंच वाईट वाटलं. दोनचार जण अर्धे उठलेसुद्धा.

“थांबा, थांबा,” लाम्पेबाई म्हणाल्या. “श्रद्धांजली हा विषय दोन. आपण नऊवर आहोत. मागं जाता येत नाही.”

“मग आयत्या वेळच्या विषयात घ्या ना,” एवाल्ड ओरडला.

“मृत्यू आयत्या वेळचा विषय नसतो. चौदा दिवस आधी लेखी प्रस्ताव लागतो.”

“अहो बाई, तो माणूस समोर उभा आहे!”

“दिसतोय मला. पण इतिवृत्तात ते दिवंगत आहेत आणि गेरोल्ड हयात. दुरुस्ती पुढच्या मार्चला. प्रस्ताव सभासदानं द्यायचा असतो, म्हणून ब्रेनेके, तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी सही करावी लागेल.”

डॉक्टरांनी हात जोडल्यासारखे केले. “फार वाईट झालं हो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तुम्ही जिवंतच आहात. या, सॉसेज खाऊन जा.”

त्यानं बटाट्याचं सॅलड घेतलं. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता आणि हॅम्बुर्गच्या त्या डबल फॉल्टची आठवण काढत होता. गेरोल्डबद्दल कुणी काही बोललं नाही. बशी तशीच ठेवून योस्ट कोट घालून घरी गेला.

एप्रिलात मंडळाच्या फलकावर श्रमदानाची यादी लागली. हिवाळा सरला की प्रत्येक सभासदानं पाच तास राबून कोर्टं तयार करायची, हा तिथला नियम. त्यातून पाद्रीही सुटत नाही. जो येणार नाही त्याच्या नावापुढे लाल फुली, आणि ती वर्षभर फलकावर. योस्ट नुसता बघायला म्हणून गेला. त्याचं नाव यादीत नव्हतं, असणार कसं? पण ‘ब’ खाली होतं: ‘गेरोल्ड ब्रेनेके. शनिवार, सकाळी आठ. कोर्ट तीन, रोलर.’

गेरोल्डच्या नावापुढे आजवर कधी फुली पडली नव्हती.

शनिवारी आठला पाच मिनिटं असताना तो मैदानावर आला. जन्मात त्यानं रोलरला हात लावला नव्हता. त्याच्यासाठी लाल माती नेहमीच कुणीतरी आधी सपाट करून ठेवलेली असायची. धूड जागचं हलेना. हललं तेव्हा थांबेना. पहिल्या फेरीतच तो जाळीच्या खांबावर आदळला. गुडघे दर वळणाला ओरडत होते, आणि त्यांच्याबरोबर तोही मोठ्यानं शिव्या देत होता, कधी रोलरला, कधी गेरोल्डला. “कसं रे ओढायचास हे? एकदा तरी सांगायचंस, जड आहे म्हणून!”

एक वाजता लाम्पेबाई फाइल घेऊन आल्या. त्यांनी कोर्टाच्या कडेनं चक्कर मारली.

“डाव्या अंगाला उंचवटा राहिलाय.”

“हो.”

“गेरोल्ड याच्यापेक्षा चांगलं करायचा.”

“माहीत आहे मला,” योस्ट म्हणाला.

मग त्यांनी हातातली फाइल खाली गवतावर ठेवली आणि पाय जुळवून सरळ उभ्या राहिल्या. योस्टला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली. लाम्पेबाईंची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती, आणि बरोबर साठ सेकंद झाल्यावर त्यांनी फाइल उचलली.

“हे इतिवृत्तात येणार नाही,” त्यांनी बजावलं. “इथं सही करा. पाच तास पूर्ण झाल्याची.”

योस्टनं पेन घेतलं. चौदा वर्षं त्यानं चेंडूंवर, टोप्यांवर, पोरांच्या वह्यांवर एकच सही केली होती, झोपेतही चुकली नसती. आज मात्र पाटीवर पहिलं अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत त्यानं लिहिलं: गेरोल्ड ब्रेनेके.