आधी मरतो, मग पंप मागतो

जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या खिडकीतल्या कारकुनाला ऑफिसात सगळे 'समीक्षक' म्हणत, आणि हे कौतुक नाही हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी नवा सिनेमा बघायचा आणि शनिवारी तो फाडायचा, हा त्याचा नेम. दाखला न्यायला आलेला माणूसही सुटायचा नाही. "कालचा तो रहस्यपट! खुनी कोण ते आपल्याला पाचव्या मिनिटाला कळतं, दिग्दर्शकाला शेवटी. सही करा इथे."

घरी तर विचारूच नका. रविवारी मेहुणा जेवायला आला आणि त्याला एक नवा सिनेमा आवडला, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा.

"आवडला?" समीक्षकाचा घास हातातच राहिला. "अरे, आकाशातून शहर दाखवलं की झाला सिनेमा? नायक एक जिना चढेपर्यंत माझी एक डुलकी झाली! बघायचा तर 'तो' बघ!"

"आला 'तो'," बायको कपाळावर हात मारून म्हणाली.

'तो' म्हणजे समीक्षकाने विसाव्या वर्षी पाहिलेला आणि पुन्हा कुठेच न लागलेला सिनेमा. त्यात नायक मध्यंतराआधीच पुलावरून पडून मरतो. मध्यंतरानंतर नटांची नावं येतात! मग तोच नायक जिवंत, सायकल पंक्चर, नायिकेच्या दारात पंप मागायला उभा. शेवटी पंप परत देतो, "उद्या येतो" म्हणतो, आणि खलास. समीक्षकाने आयुष्यभर मेलेल्यांच्या नोंदी केल्या, पण मेलेला माणूस "उद्या येतो" म्हणतो हे त्याने त्या एकाच सिनेमात पाहिलं होतं. ते सांगताना तीस वर्षांनंतरही तो जेवायचं विसरायचा.

मेहुण्याने फोनवर शोधाशोध केली. "भाऊजी, सापडला! टीव्हीवर लावतो. पण तुम्ही म्हणता तसा निघाला नाही, तर ह्या घरात सिनेमावर पुन्हा एक शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल! लाव!" समीक्षक गरजला, आणि तेवढ्यावर न थांबता खालच्या मजल्यावरच्या आजोबांना बोलावून घेऊन आला. त्याने 'तो' पाहिला त्याच थेटरात ते सिनेमाचं यंत्र चालवणारे ऑपरेटर होते. म्हणजे घरचा साक्षीदार.

सिनेमा सुरू झाला तो नावांनीच. "नावं आधीच आली की हो," मेहुणा म्हणाला.

"थांब जरा."

मग पंप आला. "उद्या येतो" मध्यंतरालाच होऊन गेलं. मग भांडण, मग पूल, मग धपकन नायक, आणि वीस मिनिटं सगळ्यांची रडारड. समाप्त.

"भाऊजी, हा तर सरळसोट रडका सिनेमा आहे!"

"कापाकापी केलीय मेल्यांनी!" समीक्षकाचा आवाज चिरकला. "आजोबा, तुम्ही सांगा ना!"

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "काय सांगू, साहेब. माझा पहिलाच दिवस होता. मध्यंतरानंतरच्या रिळांचे डबे मी आधी लावले. 'समाप्त' आलं तेव्हा भिंगापुढे हात धरला आणि मध्यंतर करून टाकलं."

"अहो, लोक ओरडले नाहीत?"

"सात जण होते. सहा झोपले होते. सातव्याने वर येऊन माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

समीक्षक मटकन खाली बसला. सातवा कोण, हे विचारायची गरज नव्हती. पण माणसाची हौस फिटत नाही. "आणि तो एकही गाणं नसलेला दुसरा सिनेमा? केवढं धाडस होतं ते!"

"मालकाला दिवसाला एक खेळ जास्त बसवायचा होता. गाणी आम्हीच कापली."

"आणि तो, ज्याचा शेवट प्रेक्षकांवर सोडलाय..."

"वीज गेली होती, साहेब."

त्या शुक्रवारी समीक्षक सिनेमाला गेला नाही. शनिवारी खिडकीत नुसतं "सही करा इथे" एवढंच. घरी तर तो पोळी हवी असली तरी बोटाने दाखवी. कशावर प्रेम केलं आपण तीस वर्षं? डब्यांवर? वर शब्द दिलेला, त्यामुळे रडायचीही सोय नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बायकोने दार लावून घेतलं. "अहो, घर खायला उठलंय. एकदा सांगा तो सिनेमा. माझ्या भावाला नाही कळणार."

बऱ्याच विनवण्यांनंतर तो पुटपुटला, "आधी नावं येतात. मग पंप मागतो. मग पुलावरून..." आणि थांबला. खरा क्रम डोक्यात असा घट्ट बसला होता की दुसरा सापडेचना. त्याचे डोळे भरून आले. "गेला गं. माझा सिनेमा गेला."

"गेला कसा? सरका तिकडे," बायको खुर्ची ओढत म्हणाली. "आधी मरतो तो. पुलावरून. मग मध्यंतर. मग नावं. मग ती दार उघडते, तर हा समोर! घामाघूम, हातात टोपी..."

टोपी तर तो स्वतःही विसरला होता. समीक्षक ऐकत राहिला.

"आणि मग?" त्याने विचारलं.

"मग पंप परत देतो, 'उद्या येतो' म्हणतो," बायको म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली. "काय हो आजोबांनी सिनेमा काढलाय!"